उंदरांसाठीचं प्रकाशबंद कपाट: दार पक्कं, टायमर कच्चा

पॅरासिटामॉलचा तोच जड डोस उंदराला दिवा लागल्यावर दोन तासांनी दिला आणि दिवा गेल्यावर दोन तासांनी दिला, तर यकृताला दुसऱ्या वेळी जास्त इजा होते. यकृतातलं ग्लुटाथायोन (औषधाच्या विषारी अंशापासून यकृताला वाचवणारं द्रव्य) आणि औषध मोडणारी एन्झाइम्स वेळेनुसार वरखाली होत असतात. २०१४ साली उंदराचे १२ अवयव तपासले गेले, तेव्हा प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात २४ तासांच्या तालावर चालताना आढळली. म्हणून डोसची वेळ सांभाळणारं प्रकाशबंद कपाट, म्हणजे बाहेरचा उजेड आत येऊ न देता टायमरवर स्वतःचे दिवे लावणारं पिंजऱ्यांचं कपाट, पारखूनच घ्यावं.

हे १२ पिंजऱ्यांचं कपाट उजेड न गळण्याच्या मुख्य परीक्षेत जवळजवळ उतरतं. तपासायची रीत सोपी आहे: आतले दिवे पूर्ण लावा, खोलीत मिट्ट काळोख करा, डोळे सरावायला १५ मिनिटं द्या आणि बाहेरून फटी शोधा. दाराच्या कडेच्या दुहेरी रबरी पट्टीतून (गॅस्केट) काही दिसत नाही. मागच्या केबलच्या भोकातून मात्र उजेडाची बारीक रेघ येते, ती काळ्या सिलिकॉनने बुजवावी लागते. आतल्या पंख्यावरचा हिरवा इंडिकेटरही काळ्या टेपने झाका. उजेड मोजणाऱ्या स्वस्त लक्समीटरच्या शून्यावर भिस्त ठेवू नका, उंदराच्या डोळ्याला त्याहून कमी उजेड कळतो.

एलईडी दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर छतावर, बाहेर आहेत. ही फार चांगली गोष्ट. ते आत असते तर रोज १२ तास कपाट तापलं असतं, आणि तापमानाचा तो चढउतारही यकृताच्या आतल्या घड्याळाला, म्हणजे त्याच्या २४ तासांच्या तालाला, ओढतो. उजेड प्रत्येक कप्प्यात वेगळा कमी-जास्त करता येतो. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या जातींसाठी तो कमीच ठेवा, त्यांचा दृष्टिपटल लवकर खराब होतो.

खरी खोट टायमरमध्ये आहे. त्याला बॅटरी नाही. वीज गेली की घड्याळ शून्यावर येतं आणि वीज आल्यावर कपाट तिथूनच दिवस मोजू लागतं. दुपारी तीनला वीज आली तर उंदरांची पहाट तीनला, आणि बाहेरून कुणाला पत्ताही लागत नाही. यूपीएस लावाच, शिवाय आत उजेडाची नोंद ठेवणारा वेगळा लाइट लॉगर ठेवा.

घ्यायची तर दोन कपाटं घ्या. एकात दिवे सकाळी ८ला लागू द्या, दुसऱ्यात रात्री ८ला. उलट्या वेळेला रुळायला उंदरांना निदान दोन आठवडे द्या. मग सकाळी १०ला एकाच हाताने, एकाच बाटलीतून दोन्ही वेळांचे डोस देता येतात: एका कपाटात दिवा लागून दोन तास झालेले असतात, दुसऱ्यात दिवा जाऊन. दुसरं कपाट उघडताना खोलीतला दिवा बंद आणि डोक्यावर मंद लाल दिवा हवा. त्या वेळी पांढरा उजेड पडला तर उंदरांचं घड्याळ मागे सरकतं.

उपाशी ठेवण्यात बहुतेकांची चूक होते. उंदीर बहुतेक खाणं अंधारातच खातात. दिवा लागल्यावर दोन तासांनी ज्यांना डोस द्यायचा, त्यांना आधी १२ तास उपाशी ठेवलं तर त्यांचं जवळजवळ सगळं जेवण जातं. दुसऱ्या गटाचा तोच उपास बहुतांशी झोपेत सरतो. उपासाने ग्लुटाथायोन घटतं, त्यामुळे फरक वेळेचा की भुकेचा, हे सांगता येत नाही. उपास टाळा, नाहीतर दोन्ही वेळांना पोटभर खाल्लेला एकेक गट जोडीला ठेवा.