टेबलावरचा एक्स-रे संच: के-अल्फा खणखणीत, एम-पातळीची मात्र बोंब

एम.एस्सी. फिजिक्सच्या लॅबसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या बंदिस्त एक्स-रे संचाबद्दल: मॉलिब्डेनमची नळी, 35 केव्ही, 1 मिलिअँपिअर, सोडियम क्लोराइडचा क्रिस्टल, किरण मोजणारी जीएम (गायगर-म्युलर) ट्यूब, 0.1 अंशाच्या पायरीने फिरणारा गोनिओमीटर (कोन मोजणारी चकती). संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या विभागांनी कोटेशन मागवण्याआधी वाचावं.

अणूतला इलेक्ट्रॉन सर्वांत आतल्या के-पातळीत पडतो तेव्हा ठरावीक ऊर्जेचा एक्स-रे निघतो: बाजूच्या एल-पातळीतून आला तर के-अल्फा, त्यापलीकडच्या एममधून आला तर के-बीटा. के-अल्फाचं शिखर 7.2 अंशांवर, के-बीटाचं 6.4 वर. ब्रॅगच्या सूत्रात (कोनावरून तरंगलांबी देणारं) क्रिस्टलच्या थरांमधलं जाळीअंतर 2.82 अँगस्ट्रॉम घातलं की ऊर्जा 17.5 आणि 19.7 केइव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) निघतात. इथवर संच चोख. के-अल्फाची दुसरी ऑर्डर (त्याच किरणाचं मोठ्या कोनातलं दुसरं शिखर) 14.6 ला दिसते. दोन्ही शिखरं सारखीच सरकलेली असतील तर गोनिओमीटरचा झिरो हललाय, क्रिस्टलला दोष देऊ नका.

खरी गोची इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांची ऊर्जा काढताना होते. के-पातळीसाठी मॉलिब्डेनमचीच 0.1 मिमी फॉइल लागते. फॉइल लावून आणि काढून स्कॅन घ्या, फॉइलसहच्या काउंटला फॉइलशिवायच्या काउंटने भागून गुणोत्तर काढा; कोन वाढवत नेला की ते 6.3 अंशांजवळ एकदम उसळतं. ही के-एज, म्हणजे के-पातळीतला इलेक्ट्रॉन उपटायला लागणारी ऊर्जा, 20 केइव्ही. त्यातून के-अल्फाचे 17.48 वजा केले की एल-पातळी 2.52, के-बीटाचे 19.61 वजा केले की एम 0.39. कागदावर सुरेख! पण या कोनात 0.1 अंशाची एक पायरी म्हणजे 0.3 केइव्ही. एल कशीबशी पदरात पडते, एमचं उत्तर 0 ते 0.7 काहीही येतं. विद्यार्थ्याच्या जर्नलात नेमकं 0.394 दिसलं तर ते पुस्तकातून उतरवलंय समजा.

लिथियम फ्लोराइडचा क्रिस्टल सोबतच मागवा. के-बीटा आणि के-एजमधलं अंतर 0.13 वरून 0.18 अंशांवर जातं, शिवाय तो दमट हवेत टिकतो. आपल्याकडे पाऊस कमी म्हणून मिठाचा क्रिस्टल उघडा ठेवू नये. श्रावणातली हवा पृष्ठभाग धुरकट करायला पुरते आणि शिखर बसकं होतं. सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

लाइटच्या चढउताराने शिखराची जागा हलत नाही, पण दोन स्कॅनमध्ये नळीचा करंट बदलला तर गुणोत्तर बिघडतं. स्टॅबिलायझर हवाच. जीएम ट्यूबचा डेड टाइम (एक काउंट घेतल्यावर ती आंधळी असते तो वेळ) 100 मायक्रोसेकंद धरला तर सेकंदाला 1000 काउंट दिसतात तेव्हा खरे 1111 असतात.

तांब्याची नळी घेतली तर 0.1 अंशाची पायरी 0.06 केइव्हीवर येते, एल-पातळी सुधारते. पण तांब्याची एम-पातळीच 0.075 आहे, तेव्हा तिथेही तीच बोंब.