जुन्या सॉलिसिटर फर्मची सेवा: दप्तर उत्तम, शुल्क जपून
संस्थापकांपैकी कोणीही हयात नसताना त्यांचीच आडनावे पाटीवर मिरवणाऱ्या एका जुन्या सॉलिसिटर फर्मकडे आम्ही कुटुंबाच्या मिळकतीचे काम सोपवले, तेव्हा तिच्या वयाचा खरा लाभ दिसला तो दप्तरात: आजोबांच्या खरेदीखताचा मूळ मसुदा आणि त्यावरचा पत्रव्यवहार त्यांनी स्वतःच्या संग्रहातून काढून दिला. लंडनची फ्रेशफील्ड्स ही फर्म १७४३ पासून बँक ऑफ इंग्लंडची सल्लागार आहे. इतक्या दीर्घ संबंधांचे मोल अशा दप्तरातच असावे. आमच्या फर्मची इतिहास-पुस्तिका मात्र तसबिरींनी भरलेली असून भागीदारी का आणि कशी बदलत गेली, याविषयी मौन पाळते. आमच्या कामाचा मसुदा कनिष्ठ वकिलाने केला आणि शुल्क ज्येष्ठाच्या दराने लागले, हे खटकले. काम चोख झाले, तरी दर आधीच लेखी घ्यावेत.