लग्न-छायाचित्रकारांची तीन दिवसांची परिषद : एका लग्नसराईनंतरचा अनुभव

गेल्या आषाढात पुण्यात भरलेल्या लग्न-छायाचित्रकारांच्या तीन दिवसांच्या परिषदेला मी कराडहून गेले होते. परतल्यावर लगेच अभिप्राय लिहिण्याची इच्छा होती. पण अशा ठिकाणाहून येताना माणूस भारावलेला असतो आणि त्या भरात लिहिलेले दुसऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून थांबले. आता तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंतचा हंगाम पार पडला आहे, या काळात ३१ लग्ने माझ्या हातून झाली, आणि त्या तीन दिवसांतले काय टिकले व काय विरून गेले हे मला नीट सांगता येईल. परिषदेचे नाव लिहीत नाही, कारण पावसाळ्यात, मुहूर्त थांबल्यावर, अशा बऱ्याच परिषदा भरतात आणि माझे म्हणणे त्यांतल्या बहुतेकींना लागू पडेल असे वाटते.

शुल्क ७,५०० रुपये होते, त्यात दोन वेळचे जेवण होते. राहण्याची सोय आपली आपण करायची होती. प्रवास धरून माझा एकूण खर्च १३,००० रुपयांच्या आसपास गेला. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या छायाचित्रकाराला ही रक्कम लहान नाही, आणि पहिल्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत ती वाया गेली असेच मला वाटत होते. सकाळची दोन सत्रे कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत गेली. दुपारी प्रात्यक्षिक होते, त्यात नटवलेल्या एकाच मॉडेलभोवती चाळीसेक जण कोंडाळे करून उभे होते. मला दिसल्या त्या पुढच्यांच्या पाठी. त्यानंतर राजस्थानातल्या राजवाड्यांमधली लग्ने पडद्यावर पाहिली. फोटो फार सुंदर होते, यात शंका नाही. पण ज्या कार्यालयांत मी काम करते तिथे ट्यूबलाइट असतात, मागे झालरींचा पडदा असतो आणि गुरुजींच्या खांद्यावरून वाकल्याशिवाय होम दिसत नाही. ती प्रेरणा पंधरा दिवसही टिकली नाही.

टिकले ते दुसऱ्या दिवशीचे. विदर्भातून आलेल्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी एकाच लग्नाचे साठ फोटो, काढले त्याच क्रमाने, फसलेल्यांसकट दाखवले. लग्न साध्या घरचे, मंडप दारात घातलेला. अंतरपाटाच्या वेळी आपण सगळेच नवरा-नवरीकडे कॅमेरा रोखून असतो. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झाले की आता अंतरपाट दूर होणार हे आपल्या बोटांनाही कळते. त्यांनी मात्र त्या क्षणाच्या आधीचे पाच फोटो मुलीच्या मामांचे काढले होते. मामा नवरीच्या मागे उभे होते, हाराच्या ओझ्याने तिच्या खांद्यावरून घसरणारा शेला दोन बोटांनी धरून होते, आणि गर्दीतून भिरभिरत येणाऱ्या अक्षता तिच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून दुसरा तळहात तिच्या कपाळासमोर आडवा धरला होता. बारा वर्षे लग्ने टिपूनही तो हात मला कधी दिसला नव्हता. या हंगामात मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची, म्हणजे थोड्या अंतरावरून चेहरे जवळ आणणारी, लेन्स लावून ठेवली ती केवळ मामांसाठी, आणि अल्बम बघायला बसलेल्या घरांमध्ये सर्वांत जास्त वेळ थांबतात ती पाने हीच, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

तांत्रिक बाजूने एकच गोष्ट सांगते, पण ती एकटीच शुल्काएवढी मोलाची ठरली. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी दिव्यांमुळे माझ्या फोटोंत नवरीच्या चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे येत असत. दोन वर्षे मी तो कॅमेऱ्याचा दोष समजत होते, एकदा तो दुरुस्तीलाही देऊन आले. कारण असे निघाले की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि विधींच्या वेळी आवाज नको म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक शटर वापरतो तेव्हा चौकट वरून खाली टप्प्याटप्प्याने वाचली जात असल्यामुळे तो चढउतार पट्ट्यांच्या रूपाने उमटतो. शटर यांत्रिक ठेवून त्याचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद केला की पट्टे जातात. अर्थात १/१०० ला उडत्या अक्षता पुसट येतात, त्यामुळे तेवढ्या क्षणापुरता फ्लॅशचा आधार घ्यावा लागतो. आणि स्टेजमागच्या मोठ्या एलईडी पडद्याला हा हिशेब लागू पडत नाही, कारण त्याची स्वतःची लय असते व शटरचा वेग थोडा थोडा बदलून ती शोधावी लागते. आता कार्यालयात पोहोचल्यावर पिशवी खाली ठेवण्याआधी मी रिकाम्या स्टेजचे चार फोटो काढून पाहते.

कायद्यावरचे सत्र शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी ठेवले होते, ही आयोजकांची मोठी चूक होती. फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा, अशी माझी समजूत होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा असतो. परतल्यावर मी बुकिंगच्या कागदात तशी स्वच्छ दोन वाक्ये घातली आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगी वेगळी मागू लागले. दोन घरांनी नकार दिला. पूर्वी मी त्यांना विचारलेही नसते, याचे आता वाईट वाटते.

एवढे सगळे खरे असले तरी, दहा महिन्यांनंतर त्या परिषदेतून माझ्याजवळ जे सर्वांत ठळकपणे उरले आहे ते व्यासपीठावर घडले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे सोलापूरच्या एक ताई होत्या. बुकिंगला आलेले लोक मला हमखास विचारतात, "मॅडम, तुमच्याबरोबर कोणी पुरुष माणूस असेल ना?" ते मी बोलता बोलता त्यांना सांगितले, तर त्या ताट हातात घेऊन तशाच थांबल्या आणि म्हणाल्या, "चौदा वर्षं मला हेच विचारतायत गं." त्या टेबलावर आम्ही सात जणी बसलो, संध्याकाळी तेवीस झालो. त्यातल्या नऊ जणी आजही रोज संपर्कात आहोत. बाकीच्या हळूहळू गळाल्या, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही, कारण हंगामात श्वास घ्यायलाही सवड नसते.

आमच्या धंद्यात गावातल्या गावात मैत्री अवघड असते, कारण मुहूर्त सर्वांचे एकच आणि गिऱ्हाईकही एकच. वेगवेगळ्या गावच्या माणसांना एकमेकींचे भय नसते, म्हणून दराबद्दल, बुडालेल्या पैशांबद्दल, चुकलेल्या फोटोंबद्दल मोकळे बोलता येते. दर सोमवारी प्रत्येकीने आपला एक फसलेला फोटो पाठवायचा आणि इतरांनी तो का फसला ते सांगायचे, असा नेम आम्ही ठेवला आहे. माझ्या कामात फरक पडला असेल तर तो मुख्यतः या सोमवारांमुळे. आमच्या मोकळ्या तारखांचा तक्ताही एकत्र आहे. मार्गशीर्षातल्या एका मुहूर्ताच्या आदल्या रात्री माझ्या सहायकाच्या वडिलांना रुग्णालयात हलवावे लागले. रात्री नऊला मी तक्ता उघडला. आमच्यातल्या मिरजेच्या ताई त्या दिवशी ज्या लग्नाचे फोटो काढणार होत्या ते पुढे ढकलले गेले होते. पहाटेच्या एसटीने त्या कराडला उतरल्या, घाणा भरण्यापासून पाठवणीपर्यंत माझ्याबरोबर उभ्या राहिल्या आणि पैशांचा विषय मी काढेपर्यंत त्यांनी काढला नाही. रात्रीचे रिसेप्शन आटोपून कोणी एकटी घरी निघाली की ती पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत नऊजणींपैकी एक जागी असते. माझ्या आईची झोप त्यामुळे सुधारली आहे.

यंदाच्या परिषदेसाठी मी नाव नोंदवले आहे. पहिल्या दिवशी सकाळी जाणार नाही, दुपारी पोहोचेन. माझ्याकडे वर्षभर काम शिकणाऱ्या मुलीचे शुल्कही मीच भरले आहे, आणि तिला एवढेच सांगितले आहे की कॅमेऱ्यांच्या दालनात फार वेळ घालवू नकोस, जेवणाच्या रांगेत मात्र माझ्याबरोबर उभी राहू नकोस, अनोळखी बाईच्या मागे उभी राहा.