डूला घेतली होती, आता आठ महिन्यांनी लिहितेय (बडोदा)

मुलगी झोपलीय तेवढ्यात लिहून टाकते, कारण महिन्याभरात तिघींनी विचारलं की बाळंतपणात सोबतीला डूला ठेवलीस, तिला तीस हजार दिलेस ते वसूल झाले का. तर वीसेक हजारांचे झाले, आणि तेही मला वाटलं होतं तिथे नाही.

आम्ही दांडिया बाजारातले, सासरची चौथी पिढी बडोद्यात. घरात डूला म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, म्हणजे सुईणच ना? नाही. सुईण बाळंतपण करते, ही करत नाही. ही आतून तपासत नाही, बीपी बघत नाही, औषध देत नाही, कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत राहते, बस्स. मग सोबतीला आम्ही आहोत की, फुकट, हे त्यांचं पुढचं वाक्य. आणि खरं सांगू, पॉइंट होता त्यांचा. मी २०१७ चा कोक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) रिव्ह्यू वाचला होता, २६ अभ्यास आणि पंधरा हजारांवर बायका, शेवटपर्यंत कोणीतरी जवळ असेल तर सिझर कमी होतात आणि कळांचा वेळही थोडा कमी होतो असं त्यात आहे, पण ते 'कोणीतरी' म्हणजे डूलाच असं नाही, नर्स, नात्यातली बाई, सगळं त्यात धरलंय. फक्त माझ्या आईचं नेमकं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि सासूबाई रक्त बघून चक्कर येणाऱ्यातल्या, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात ठरवली. गुजराती होती, आम्ही बेनच म्हणायचो. आधी दोनदा घरी येणार, अडतिसाव्या आठवड्यापासून कधीही फोन करायचा आणि नंतर एक व्हिजिट.

कळा सुरू झाल्या सहाव्या माळेला, रात्री अकराला. नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात. बेन फोनवर म्हणाली, थांबा, पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या अशा कळा तासभर येऊ देत मग निघू, पण रक्त गेलं, पाणी हिरवट गेलं किंवा बाळ हलायचं कमी झालं तर मला फोनही न करता सरळ हॉस्पिटल गाठा. आणि ती स्वतः गोत्रीहून निघाली ती गरब्याहून परतणाऱ्या गर्दीत अडकली, वीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास. नवरात्रात बडोद्यात बाळंत व्हायचं असेल तर हा हिशेब धरा.

पण ती पोचल्यापासून सकाळी साडेनऊपर्यंतचे जे आठ तास घरी काढले ना, माझे पैसे तिथे वसूल झाले. जिम बॉलवर बसवलं, गरम पाण्याखाली उभं केलं, पहाटे चार चमचे मऊ खिचडी खायला लावली. कळ आली की मी ओट्याला धरून वाकायची आणि नवरा मागून दोन्ही बाजूंनी कंबरेखालची हाडं दाबायचा. आधी तो अंगठे रुतवत होता, बेनने त्याचे हात धरून दाखवलं, अंगठे नाही, तळवे, आत आणि जरा वर. तो दाब नीट बसला की कळ निम्मी वाटायची, शप्पथ. त्याची मनगटं दोन दिवस दुखत होती. आणि सासूबाई, ज्यांचा विरोध होता, त्या चष्मा लावून कालनिर्णयच्या ऑक्टोबरच्या पानावर कडेला वेळा लिहीत बसलेल्या, ३.१०, ३.१७, ३.२३, एकही चुकवली नाही.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलेलं. डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये खऱ्या जोराच्या कळा पाच सेंटीमीटरपासून धरतात, म्हणजे अकरालाच पळालो असतो तर रात्रभर तिथल्या कॉटवर घड्याळ बघत पडले असते.

आता तक्रारी. लेबर रूमच्या दारात सिस्टर म्हणाली, बेन, एक ज जण, म्हणजे एकालाच आत सोडणार. डॉक्टरांनी चौतिसाव्या आठवड्यात दोघांना हो म्हटलेलं, पण तोंडी, आणि त्या नेमक्या ऑपरेशन थिएटरमध्ये. चाळीस मिनिटं डूला बाहेर बाकावर. फाइलवर लिहून घ्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

दुसरं, सात सेंटीमीटरला मी एपिड्युरल (कळा बधिर करणारं पाठीतलं इंजेक्शन) मागितलं आणि बेन म्हणाली, अजून अर्धा तास बघूया. परत मागितलं, परत तेच. मीच आधी तिला सांगून ठेवलेलं की मी ढेपाळले तर मला आवर, हे मान्य, पण दोनदा मागितल्यावर तिने ऐकायला हवं होतं. शेवटी नवऱ्याने जाऊन सांगितलं. एपिड्युरलनंतर मी तासभर झोपले आणि बेनला काही कामच उरलं नाही. साडेतीनला मुलगी झाली, नॉर्मल, टाके पडले.

नंतरची व्हिजिट चौथ्या दिवशी, पाऊण तास, गोड बोलली, गेली. मला खरी गरज नवव्या रात्री तीनला होती, छातीला चिरा पडलेल्या, मुलगी धरतच नव्हती. फोनवर म्हणाली लॅक्टेशनवाली बघा, तिचे दीड हजार वेगळे. बाळाला कुशीत उशीवर कसं घ्यायचं ते मालिशवाल्या बाईंनी तिच्याआधीच दाखवलेलं.

आपल्याकडे डूलांचं सरकारी रजिस्ट्रेशन वगैरे काही नसतं, कोर्स कुठला केलाय यापेक्षा किती बाळंतपणांना प्रत्यक्ष बसलीस ते विचारा, आणि तू आजारी पडलीस तर कोण येणार तेही. आमच्या बेनची बॅकअप अहमदाबादला राहते हे मला बारशाला कळलं!

कारेलीबागेतल्या जाऊबाईंची तारीख ऑगस्टमधली आहे, त्यांना घे म्हटलंय, फक्त नदीच्या आपल्या बाजूची घे, विश्वामित्री चढली की पूल बंद होतात. कळांच्या वेळा लिहायला सासूबाई जाणार आहेत, ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय.