तांबी की गोळ्या?

दहा बाय बाराची खोली, सासूबाई पलंगावर, कपाट सगळ्यांचं एकच. लालबागच्या चाळीत माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट लपवायचं कुठे, इथूनच निवड सुरू होते. पाकिटात 28 गोळ्या: 21 हार्मोनच्या, 7 लोहाच्या. रोज एक, न चुकता. लोकल पकडायच्या घाईत नेमकी तीच राहते.

तांबीला, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीला, आठवण लागत नाही. 380 ए प्रकारची एकदा बसवली की 10 वर्षं निवांत, सरकारी दवाखान्यात फुकट. पण सुरुवातीचे काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं, कळाही येतात. आधीच रक्त कमी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. गोळ्यांनी उलट पाळी हलकी होते, मात्र बीपी जास्त असेल तर त्या नकोत.

वर्षभरात दुसरं मूल हवंय? मग गोळ्या बऱ्या. नाहीतर मी तांबीच म्हणेन. नवरे? निरोध आणायला सांगा, 'मेडिकलवाला ओळखीचा आहे गं!'