रात्रीच्या होडीसाठी जादा दिवे: हॅलोजन, एलईडी की हेडटॉर्च?

किनाऱ्याजवळ रात्री जाळी ओढणाऱ्या आठ-नऊ मीटरच्या फायबर होडीवर जादा उजेड हवा असेल, तर निवड बहुधा हॅलोजनचा झोतदिवा, एलईडीचा झोतदिवा आणि डोक्याला बांधायचा हेडटॉर्च या तिघांतून करावी लागते.

हॅलोजन स्वस्त मिळतो, पण १२ व्होल्टवर ५५ वॅटचा दिवा सुमारे साडेचार अँपिअर वीज खेचतो. त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी शक्ती जेमतेम अकरा तासांत संपते. १८ वॅटचा एलईडी तेवढ्याच शक्तीवर तीसहून अधिक तास चालतो आणि कामापुरता उजेड देतो. इंजिन बंद ठेवून थांबणाऱ्याला हा फरक मोठा वाटेल, कारण तीच बॅटरी पहाटे इंजिन सुरू करते. मात्र हलक्या प्रतीच्या एलईडीच्या सर्किटमुळे व्हीएचएफ संचात (होडीवरच्या रेडिओत) खरखर येऊ शकते, म्हणून दिवा कायमचा बसवण्याआधी तो लावून संच ऐकून पाहावा.

माझ्या मते दिव्याच्या प्रकाराइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची आहे. डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पडलेला झोत ती सवय क्षणात मोडतो. मग समोरची बिनदिव्याची होडी किंवा जाळ्याचा बोया सुकाणूवरच्या माणसाला दिसत नाही. शिवाय १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार, डावीकडचा लाल, उजवीकडचा हिरवा आणि पांढरा असे ओळखीचे दिवे ज्यामुळे झाकोळतील किंवा टेहळणीत अडथळा येईल, असा दुसरा कोणताही दिवा लावता येत नाही. म्हणूनच एलईडी घ्यावा, पण तो छताखाली, तोंड खाली आणि आत करून, स्वतंत्र स्विचवर बसवावा. पाण्यावर झोत सोडून मासळी गोळा करण्याचा मोह तर मुळीच नको. एलईडीच्या मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ पासून बंदी घातली आहे.

महिन्यातून एक-दोनदाच रात्री जाणाऱ्याला मात्र लाल उजेडाची सोय असलेला, पाण्यात टिकणारा हेडटॉर्च पुरेसा आहे. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तारा ओढाव्या लागत नाहीत.

एलईडी बसवणाऱ्याने कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ ठेवावा. काम झाल्यावर एखाद्या काळोख्या रात्री दुसऱ्या होडीतून आपली होडी चोहोबाजूंनी पाहून यावी. लाल-हिरवा दिवा जिथून फिका दिसेल, त्या बाजूचा झोत आणखी खाली वळवावा.