लिलावाच्या काउंटरवर प्लॅन कॅश: नऊ महिन्यांनंतर

1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठली आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीच्या लिलावाच्या नोंदी सुरू झाल्या, तेव्हापासून मी पोस्टग्रेस 15 या डेटाबेसच्या प्लॅनिंगच्या, म्हणजे माहिती कुठल्या वाटेने शोधायची ते तो आधी ठरवतो त्याच्या, मागे लागलोय. आता मे उजाडला, लिहायला हरकत नाही.

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, साधीच. व्यापाऱ्याचा कोड टाकला की उधारी दिसते. पण जॉइन, म्हणजे जोडणी, सात टेबलांची. एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं तर एक्झिक्युशन 1 मिलिसेकंद आणि प्लॅनिंग 14! दोन घास जेवायचे आणि पाटपाणी मांडण्यात तास.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट केलं, म्हणजे क्वेरी एकदाच तयार करून ठेवायची आणि दरवेळी फक्त कोड बदलायचा. त्यात पहिल्या पाच वेळा पोस्टग्रेस दरवेळी नवा प्लॅन करतं. मग कुठलाही कोड आला तरी चालेल असा एक जेनेरिक प्लॅन बनवून खर्च ताडून बघतं, परवडला तर तोच धरून ठेवतं; हीच प्लॅन कॅश. काउंटरवर झकास चाललं, पण मधे पीजीबाउन्सर होता, डेटाबेसची थोडीच कनेक्शनं सगळ्यांना वाटून देणारा. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये दर व्यवहाराला डेटाबेसकडचं कनेक्शन बदलू शकतं, मग ‘असं स्टेटमेंटच नाही’ म्हणून एरर. 1.21 आवृत्तीपासून पीजीबाउन्सर हे सांभाळतो, मात्र त्याच्या सेटिंगमधला मॅक्स प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सचा आकडा शून्याच्या वर न्यावा लागला. शिवाय स्टेटमेंट ड्रायव्हरकडून (ॲप आणि डेटाबेस जोडणाऱ्या लायब्ररीकडून) यायला हवं, एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेलं प्रिपेअर त्याला कळत नाही. एवढं समजायला गणपतीच्या तोंडावरचा अख्खा रविवार गेला, घरी मखर तसंच अर्धवट.

मग हाव सुटली. प्लॅन कॅश मोड हे सेटिंग अख्ख्या डेटाबेसला ‘फोर्स जेनेरिक’ (कायम जेनेरिक प्लॅनच वापर) करून टाकलं आणि संध्याकाळचा रिपोर्ट मेला. आमच्याकडे निम्म्या नोंदी बांगड्याच्या, शेवंड कधीतरी. जेनेरिक प्लॅन सरासरी धरून इंडेक्सवरून, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या यादीवरून, जातो. शेवंडीला ते ठीक, बांगड्याला मात्र सरळ टेबल वाचणं कितीतरी स्वस्त. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “दादा, कालपर्यंत बरं होतं की!” बरोबर होतं त्याचं. आता तो मोड फक्त काउंटरच्या रोलला (डेटाबेसमधल्या युजरला) लावलाय, रिपोर्टचा रोल ऑटोवर, तिथे पोस्टग्रेसच ठरवतं. पीजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट्स या व्ह्यूमध्ये पोस्टग्रेस 14 पासून जेनेरिक आणि कस्टम (दरवेळी नवा केलेला) प्लॅन किती वेळा लागले ते दिसतं; मी हे आधीच बघायला हवं होतं.

राहिली ती पार्टिशनं. लिलावाच्या टेबलाला रोज एक पार्टिशन, म्हणजे दर दिवसाचा वेगळा तुकडा, ही माझीच जुनी हुशारी. जेनेरिक प्लॅनला तारीख आधी ठाऊक नसते, म्हणून त्यात सगळी पार्टिशनं येतात. चालवताना नको ती गाळली, तरी लॉक (मधेच कुणी बदलू नये म्हणून लावलेलं कुलूप) सगळ्यांवर घ्यावाच लागतो. त्या क्वेरीला प्लॅन कॅशने काहीच फरक पडला नाही. 1 जूनला बंदी लागली की दोन महिने काउंटर थंड. तेव्हा रोजची मोडून महिन्याची करायला घेतो.